मुलांसाठी घेतलेली खोली

पोटाला चिमटा घेऊन माणूस चार पैसे मागे टाकतो. त्यातून एखादी जास्तीची खोली घेतो, नाहीतर आहे त्या घरावर मजला चढवतो. कशासाठी, असे विचारले तर उत्तर ठरलेले. "पोरांसाठी हो! भाड्यात त्यांची शाळा भागेल. पुढे त्यांनाच जागा होईल."

विचार चांगला आहे. पण नुसत्या विचाराने काम होत नाही. खोली घेताना, भाड्याने देताना आणि मागे ठेवताना, तिन्ही वेळी मुलांचा हिशेब नीट करावा लागतो. तो कसा, ते पाहू.

१. खोली कोणाच्या नावावर घ्यावी?

काही आईबाप हौसेने लहान मुलाच्या नावावर खोली घेतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला कायदा 'अज्ञान' म्हणतो. अज्ञान मुलाला स्वतः करार करता येत नाही. त्याच्या वतीने पालकाला सही करावी लागते.

हिंदू कुटुंबांसाठी याबद्दल १९५६ चा कायदा आहे. मुलाच्या नावावरची जागा आईबापांना कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. गहाण टाकता येत नाही. पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मुलाची जागा कोणी परस्पर फुंकू नये, म्हणून हा नियम आहे.

पण उद्या घरात मोठे दुखणे आले तर? जागा आहे, आणि पैसा मात्र हाताशी नाही! ज्याला अडीअडचणीला हात मोकळा हवा, त्याने खोली नवराबायको दोघांच्या नावावर घ्यावी, हे बरे.

२. भाडेकरूला मुले असली तर?

पुष्कळ घरमालक म्हणतात, "लहान पोरं नकोत. भिंती रंगवतात, दंगा करतात." तक्रार अगदीच खोटी नाही. पण हिशेब करा. समजा, भाडे महिना ६,००० रुपये आहे. पोरे नकोत म्हणून खोली तीन महिने रिकामी राहिली. १८,००० रुपये बुडाले. भिंतींना रंग द्यायला समजा ५,००० लागले असते. तोटा कशात झाला?

शिवाय, ज्याची मुले जवळच्या शाळेत जातात, तो वर्षाच्या मध्येच सहसा बिऱ्हाड हलवत नाही. आणि आपल्या पोरांसाठी खोली घ्यायची, अन् दुसऱ्याच्या पोरांना दारातून परत पाठवायचे, हे शोभते का?

मात्र मुले राहणार असतील तर गच्चीचा कठडा पक्का करा. पाण्याच्या टाकीला झाकण लावा. विजेची उघडी तार ठेवू नका. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. कायद्याला ते मंजूर नाही. त्यात पहिले हाल लेकरांचे होतात.

३. कागद हवाच.

"ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?" असे म्हणू नका. महाराष्ट्रात शहरगावांसाठी १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याप्रमाणे करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी करार नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे मालकाला शाबीत करावे लागते.

उद्या मुलाचे लग्न ठरले, त्याला खोली हवी झाली. 'लिव्ह अँड लायसन्स' करारात मुदत लिहिलेली असेल, तर मुदत संपल्यावर जागा परत मागता येते. राहणारा तरीही हटला नाही, तर त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

४. आपल्या मागे काय?

खोली बापाच्या कमाईची आहे आणि तो मृत्युपत्र न करता गेला, असे समजा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्याची बायको, त्याची आई, मुलगे आणि मुली यांना सारखे वाटे मिळतात. मुलगी दिल्या घरी गेली, तरी तिचा वाटा जात नाही. एका खोलीचे पाच वाटे कसे करणार? भांडण होते. भाडे कोणी घ्यायचे, यावरून भाऊबहिणींचे बोलणे तुटते.

म्हणून हातीपायी धड असतानाच मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. काय ठरवले, ते मुलांना जिवंतपणीच सांगावे.

चार भिंती पैशाने उभ्या राहतात. त्या मुलांच्या उपयोगी पडायच्या, तर कागद वाचता आला पाहिजे. तुम्ही आता वाचू लागला आहात. वाचल्याशिवाय सही करू नका.

सांगा पाहू :
१. 'अज्ञान' कोणाला म्हणतात?
२. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी कोणाची?
३. तुमच्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे? घरी जाऊन वाचा.