पॅटर्न कुणाचे, हे आधी लिहून घ्या

शिरोलीत अजूनही लोक म्हणतात, मी घाई केली. घाई नव्हती. आमच्या मशीन शॉपला कास्टिंग वेळेवर मिळत नव्हतं, म्हणून चालती फाउंड्री विकत घ्यायची हा हिशेब तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. सीएंनी ताळेबंद तपासला, एमआयडीसीची हस्तांतरणाची परवानगी काढली. जे घडलं ते विकणाऱ्याच्या नियतीमुळे.

ते काका वडिलांच्या ओळखीचे. मोल्डरशी, फर्नेसवाल्यांशी बोलू द्या म्हटलं की म्हणायचे, "बातमी फुटली तर पोरं पळतील." गिऱ्हाइकांना भेटतो म्हटलं तर, "सही होऊ दे, मी स्वतः घेऊन जातो." सही झाली आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

मग सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक फाटकात येऊन थांबला. सोबत पत्र : आमचे पॅटर्न आणि कोअर बॉक्स परत द्या. पॅटर्न बऱ्याचदा पार्टीचे असतात हे मलाही ठाऊक होतं, म्हणूनच मी विचारलं होतं. "हे आपल्या पैशाने केलेत," असं काकांनी छातीठोक सांगून ते विक्रीच्या यादीत घातले होते. पत्राला जोडलेलं बिल मात्र वेगळंच सांगत होतं. गिऱ्हाइकाने पूर्ण किंमत चुकती केलेली आणि खाली सही काकांचीच. रॅक माझ्यासमोर रिकामे झाले. माल कुठे चालला हे ड्रायव्हरनेच सांगितलं : कागलच्या वसाहतीत, काकांच्या पुतण्याच्या नव्या फाउंड्रीत. आमचा सुपरवायझरही महिनाअखेरीस तिकडेच गेला.

म्हणून सांगतो. किंमत ठरवण्याआधी प्रत्येक पॅटर्नच्या मालकीचं पत्र गिऱ्हाइकाकडून घ्या, विकणाऱ्याच्या यादीवर जाऊ नका. धंद्याला मनाई करणारा करार एरवी कायद्यात टिकत नाही, पण गुडविल विकताना टिकतो. करार कायद्याच्या कलम २७ मध्ये तसा अपवाद आहे. त्यात परिसर आणि मुदत वाजवी हवी, आणि पुतण्या, मुलगा, जावई यांच्याही सह्या घ्या. एक मोठा हप्ता वर्षभर अडवून ठेवा, ऑर्डरी टिकल्या तरच तो द्या.

जुनी देणी मागे येतात. धंदा हस्तांतरित झाला की आधीच्या थकीत जीएसटीला कलम ८५ प्रमाणे घेणाराही जबाबदार. वीजबिलाचंही तेच : नियमांत तरतूद असेल तर जुनी थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. जुन्या कामगारांची ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, किमतीतून वजा करा.

ताबा घेतला की पहिल्याच दिवशी शॉप फ्लोअरवर स्वतः उभे राहा. पगार कोणत्या तारखेला होणार आणि कुणाची नोकरी राहणार, हे मालकाच्या तोंडून ऐकू द्या. मॅनेजर पाठवून हे होत नाही. बाकी हातात खेळतं भांडवल ठेवा, डोकं शांत ठेवा.

कामगारांना आणि गिऱ्हाइकांना भेटू न देणाऱ्याला इसाराची रक्कमसुद्धा देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. माझा दावा न्यायालयात आहे. ती यादी आणि ते बिल मी जोडलंय. काकांनी अजून उत्तर दाखल केलेलं नाही.