मातीचा रडार अँटेना: घरी बनवला तर किती पडतो?

घरी बसून रडारने मातीतली ओल मोजायची असेल, तर आधी तयार संचाचा नाद सोडा. परदेशी ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार बहुतेकदा दहा लाखांच्या पुढे जातो. धानाच्या मुळांपर्यंतची माती बघायला दोन अँटेना, नॅनोव्हीएनए नावाचे हातात मावणारे मापनयंत्र आणि लॅपटॉप पुरतो.

विक्रेता ‘पाच मीटर खोल दिसेल’ म्हणाला, की विचारा: कुठल्या मातीत? कन्हार म्हणजे काळी चिकण माती. ओली असली की ४०० मेगाहर्ट्‌झची लहर मीटरभरातच गिळून टाकते. भाठा म्हणजे मुरमाड जमीन, तिच्यात लहर बरीच खोल जाते. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ ते ५, पाण्याचा ८०च्या आसपास. ओलीचा पत्ता लागतो तो या फरकामुळेच.

आकारातही मातीच फसवते. ४०० मेगाहर्ट्‌झचा अर्धतरंगी अँटेना हवेत साधारण ३७ सेंटीमीटर भरतो, पण स्थिरांक ९ असलेल्या जमिनीला टेकवला की १७च्या आसपास पुरतो. म्हणून मापे टेबलावर पक्की करू नका. टोकाला टोक लावलेले तांब्याचे दोन त्रिकोण, म्हणजे बो-टाय, नॅनोव्हीएनएला जोडून मातीवर ठेवा. पडद्यावरची खाच डावीकडे सरकताना दिसते. कापण्याआधी जीपीआरमॅक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आकार तपासून घ्या.

खर्चाचा माझा ढोबळ अंदाज: जोडीसाठी तांब्याचा थर असलेले एफआर-४चे पत्रे हजार-बाराशे, केबल-कनेक्टर-बॅलन दीड हजार, नॅनोव्हीएनए पाच ते आठ हजार. वरून ॲल्युमिनियमचे डबे जवळच्या औद्योगिक वसाहतीत दीड-दोन हजारांत वाकवून मिळावेत. डबे टाळून पैसे वाचवू नका. नाहीतर मातीऐवजी छताचे पत्रे आणि विजेच्या ताराच दिसतील. बारा हजारांच्या आसपास काम भागते. नॅनोव्हीएनए एका तोंडाने लहर पाठवतो, दुसऱ्याने ऐकतो. वेगळा ट्रान्समीटर लागत नाही. पुढे ताकद वाढवायची असेल, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवान्याची चौकशी आधी करा.

लोक विसरतात तो खर्च कॅलिब्रेशनचा. ठरावीक मापाच्या नळीने मातीचा नमुना काढायचा, वजन करायचे, १०५ अंशांवर २४ तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन. ही भट्टी विकत घेऊ नका, कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा. मेच्या उन्हात एकदा आणि पावसानंतर एकदा असे नमुने घेतल्याशिवाय रडारचे आकडे बिनकामाचे.

आणि नत्र, स्फुरद, पालाश रडारला दिसत नाही. त्यासाठी २०१५ पासूनची मृदा आरोग्य पत्रिका आहेच.