मूठ निसटते? नवी सुरी घेण्याआधी हे वाचा

अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत हार्डवेअरचं दुकान शोधू नका. सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका महाराष्ट्रात सर्वांत आधी बसला तो या गावाला. आजही जलाशयाकाठच्या कित्येक पाड्यांना बाजार गाठायचा तर आधी होडी, मग जीप. त्यामुळे सुरीच्या मुठीचा हिशोब इथे वेगळा मांडावा लागतो. सामान स्वस्त, फेरी महाग. खालचे दर अंदाजी आहेत, दुकानागणिक थोडेफार बदलतील.

आधी मूठ नीट पाहा. मासळी साफ करताना सुरी हातात फिरत असेल तर बहुधा लाकडावर चिकट थर बसलेला असतो. साबण आणि राखेने घासून सावलीत वाळवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं, खर्च शून्य. तरीही निसटत असेल तर पात्याला जाड फडकं बांधा आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर आडवा फिरवा (एक कागद १५-२० रुपये). त्याहून बारीक कागद नको, मूठ पुन्हा गुळगुळीत होते. मग अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या. शंभर मिलीची बाटली ६० ते १०० रुपयांना मिळते. जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर मूठ चिकट राहते. कच्चं तेल सुकायला दिवस लागतात, घाई करू नका. तेलाची चिंधी मात्र गोळा करून झोपडीत फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

मासळीच्या सुरीला माझी पसंती सायकलच्या जुन्या ट्यूबला. पंक्चरवाला ती फुकट किंवा १०-२० रुपयांत देतो. मुठीपेक्षा जरा अरुंद ट्यूब निवडा, मुठीएवढा तुकडा कापा, आतून साबणाचं पाणी लावा आणि ओढून चढवा. पाणी सुकलं की रबर घट्ट बसतं, ओल्या हातातूनही हलत नाही आणि धुता येतं. उन्हात राहिलं की ते तडकतं, तेव्हा बदला. अधूनमधून काढून आतली ओल पुसायला हवी, नाहीतर लाकूड कुजतं आणि आतलं लोखंड गंजतं. क्रिकेटच्या बॅटची ग्रिप (५० ते १०० रुपये) हेच काम करते आणि दिसतेही छान, पण पैसे जास्त पडतात. बॅडमिंटनची कापडी ग्रिप किंवा सुतळी मासळीच्या सुरीवर गुंडाळू नका, वास कायमचा मुरतो. कोरड्या कामाच्या कोयत्याला सुतळी उत्तम, घाम टिपते.

गुंडाळताना मूठ फार जाड करू नका. मुठीभोवती बोटं वळली की त्यांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत. आकार लांबट गोल ठेवा. तशी मूठ हातात घेतली की धार कुठल्या बाजूला आहे ते अंधारातही कळतं.

पातं मुठीत खुळखुळत असेल तर वरून काही गुंडाळण्यात अर्थ नाही. तशी सुरी जोरात दाबली तर हात कापेल. पातं बाहेर ओढा, आत शिरणाऱ्या लोखंडावरचा गंज खरवडा, भोक कोरडं करा आणि अ‍ॅराल्डाइट या गोंदाच्या दोन्ही नळ्यांमधला माल समप्रमाणात मिसळून भरा. लहान जोड ६० ते १२० रुपयांना येतो. नेहमीच्या प्रकाराला रात्रभर, थंडीत त्याहून जास्त वेळ द्या. जुने लोहार हेच काम लाखेने करतात. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून अशी सुरी उकळत्या पाण्यात बुडवू नये.

मूठच फुटली असेल तर धावड्याचं लाकूड चिवट आणि धक्का सोसणारं, अवजारांसाठी नामी. सागाला तेलकटपणा असतो, गोंद धरत नाही. चिकटवण्याआधी ते थिनरने पुसा. वाळलेलं, आपल्या बांधावरचं लाकूड घ्या. जंगलातलं झाड तोडलंत तर मुठीपेक्षा दंडच महाग पडेल.

एका फेरीत दोन कागद, तेल आणि अ‍ॅराल्डाइट घेतलं तर सगळं मिळून दीडशे ते दोनशे साठ रुपयांत घरातल्या तीन-चार सुऱ्या-कोयत्यांचं काम भागतं. फक्त एका सुरीसाठी फेरी मारणार असाल तर जाऊ नका. पातं खुळखुळत नसेल तर साबण, राख आणि जुनी ट्यूब तोवर पुरेशी आहेत.