सेप्टिक टाकीची गाळणी काय सांगते?

घरातल्या संडासातून वाहून गेलेले पाणी शेवटी कोठे जाते? मोठ्या शहरात ते गटाराच्या नळांतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते, असे तुम्ही म्हणाल. पण मावळातल्या वाड्यावस्त्यांवर आणि लोणावळ्याच्या कित्येक बंगल्यांच्या आवारात जमिनीखालीच एक लहानसे शुद्धीकरण केंद्र असते. त्यालाच आपण सेप्टिक टाकी म्हणतो. या टाकीतून पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी एक साधी गाळणी बसवता येते. ती वेळेवर धुणे का महत्त्वाचे, ते आज पाहू.

आधी एक प्रयोग

काचेच्या उंच बरणीत पाणी घ्या. त्यात मूठभर माती आणि दोन चमचे गोडेतेल टाकून चांगले ढवळा व बरणी तासभर हलवू नका. काय दिसते? माती तळाशी बसली, तेल वर आले आणि मधे थोडेसे गढूळ पाणी राहिले. सेप्टिक टाकीतही हेच घडते. जड मैला खाली बसतो, तो गाळ. तेलकट व हलके पदार्थ वर तरंगतात, तो तवंग. मधल्या थरातले पाणी तेवढे पुढे शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत मुरते.

बरणीत जे घडत नाही तेही टाकीत घडते. प्राणवायूशिवाय जगणारे असंख्य जीवाणू तळचा गाळ खाऊन त्याचा बराच भाग वायू व पाण्यात बदलतात. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने १८९५ साली अशी टाकी बांधली व तिला 'सेप्टिक' हे नाव दिले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतला वायू गोळा करून इंधन म्हणून वापरला गेला. हा वायू मुख्यतः मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधलाच.

गाळणी कशासाठी?

टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी टी अक्षराच्या आकाराचा तुकडा असतो. त्यात ही प्लॅस्टिकची गाळणी उभी बसते. तिच्या फटी साधारण दीड ते तीन मिलिमीटर रुंद असतात. रोगजंतू त्यांतून सहज निसटतात. तेव्हा पाणी निर्जंतुक करणे हे गाळणीचे काम नव्हे. तिचे काम राखणदाराचे. गाळाचे तुकडे, केस व धागे ती शोषखड्ड्यात जाऊ देत नाही.

हे कण खड्ड्यात गेले तर मातीची बारीक छिद्रे बुजतात. गाळणी दहा मिनिटांत धुता येते, बुजलेली माती धुता येत नाही. हीच या विषयातली मुख्य गोष्ट आहे. मावळात तर ती अधिकच महत्त्वाची. येथे डोंगरउतारावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. पावसाळ्यात ही माती आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते. त्यातच छिद्रे बुजली की घाण पाणी वर येते, ओढ्याला मिळते आणि इंद्रायणीत उतरते. कुरवंड्याजवळ उगम पावणारी ही नदी पुढे देहू-आळंदीला जाते. त्याच देहू गावात डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी स्वच्छ संडासांसाठी आयुष्य वेचले; त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. हगवण, कावीळ, विषमज्वर हे रोग पाण्यावाटेच पसरतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच.

थोडे गणित

टाकीत ३,००० लिटर पाणी मावते असे धरा. घरातील ५ माणसे प्रत्येकी १०० लिटर पाणी वापरतात, म्हणजे रोज ५०० लिटर. ३,००० भागिले ५०० बरोबर ६. पाणी टाकीत सुमारे सहा दिवस थांबते. गाळ बसायला भरपूर अवधी मिळतो. आता शनिवार-रविवारी बंगल्यावर २० पाहुणे आले. रोजचे २,००० लिटर झाले आणि मुक्काम दीड दिवसावर आला!

याहून वाईट प्रकार म्हणजे छपराची पन्हळ टाकीच्या चेंबरला जोडणे. जुलैत लोणावळ्याला एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. ५० चौरस मीटर छपरावर तो पडला, तर ५,००० लिटर पाणी होते. मग टाकीतला गाळ ढवळून निघतो आणि थेट गाळणीवर येऊन बसतो.

गाळणी कशी धुवावी?

हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही दुरून पाहा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, गाळणी तपासावी.

१. घरातला पाण्याचा वापर थांबवावा. गाळणी बाहेर असताना राखणदार जागेवर नसतो.

२. हातमोजे घालून झाकण उघडावे व बाजूला उभे राहून वायू निघून जाऊ द्यावा. जवळ काडी वा विडी पेटवू नये. मिथेन पेट घेतो.

३. पाणी बाहेरच्या पाइपापेक्षा वर चढलेले दिसले, तर गाळणी तुंबली आहे. ती तशीच ओढली तर साचलेला गाळ पुढे धावेल. आधी मैला उपसणारी गाडी बोलावून पातळी खाली आणावी.

४. गाळणी दांड्याने हळू वर काढून टाकीच्या तोंडावरच, आत येणाऱ्या पाइपाच्या बाजूला धरावी व नळीच्या पाण्याने धुवावी. घाण टाकीतच पडली पाहिजे, बागेत किंवा गटारात नव्हे.

५. ॲसिड, फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर वापरू नये. त्याने टाकीतले जीवाणू मरतात.

६. गाळणी पूर्ण खाली बसवून झाकण घट्ट लावावे व हात साबणाने धुवावेत.

दोन महिन्यांतच गाळणी पुन्हा तुंबली तर? तिला दोष देऊ नका. टाकी गाळाने भरली आहे, हेच ती सांगत असते. सामान्यतः दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. साताऱ्याजवळच्या वाई नगरपरिषदेने २०१८ पासून शहरातल्या टाक्या पाळीपाळीने उपसण्याची योजना सुरू केली. उपसताना थोडा गाळ मुद्दाम मागे ठेवतात. दही लावायला विरजण ठेवतात ना, तसाच!

ध्यानात ठेवा

टाकीत कधीही डोकावू नका, उतरू नका. आतील हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो. पण तो जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास आला नाही, म्हणून वायू नाही असे समजू नका. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेली माणसेही अशा टाकीत दगावली आहेत. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

करून पाहा

१. बरणीचा प्रयोग पुन्हा करा. माती तळाशी बसल्यावर वरून एकदम तांब्याभर पाणी ओता. काय होते?

२. तुमच्या घराच्या छपराचे पाणी कोठे जाते, ते शोधून काढा.

३. तुमच्या घरची टाकी शेवटची केव्हा उपसली, ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत नोंदवा.