होडीचे इंजिन मध्येच थांबते तेव्हा : इंधनपुरवठ्यातील दोष कसा शोधावा

किनाऱ्यावरून निघताना उत्तम चालणारे इंजिन सात-आठ मिनिटांनी गुदमरल्यासारखे होते, वेग घटतो आणि ते थांबते. थोडा वेळ गेल्यावर दोरी ओढली की पुन्हा चालू होते आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर बंद पडते. आउटबोर्ड इंजिन वापरणाऱ्या बहुतेक मच्छिमारांना हा अनुभव परिचित असतो. बहुतेक वेळा कार्ब्युरेटरला दोष दिला जातो, तो उघडला जातो आणि त्यातील जेट तारेने कोरले जातात. प्रत्यक्षात अशा वेळी सर्वप्रथम पाहावयाची वस्तू असते ती टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू. तो बंद राहिला असेल, तर इंधन ओढले जाते त्या प्रमाणात टाकीत निर्वात तयार होतो आणि काही वेळाने पंपाची ओढ अपुरी पडते. इंजिन थांबलेले असताना हवा हळूहळू आत झिरपते, म्हणूनच ते पुन्हा चालू होते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. खाडीच्या किंवा बंदराच्या मुखाशी लाटा फुटत असताना इंजिन थांबले, तर होडी लाटेला आडवी होते. केरळमधील मुतलप्पोळी बंदराचे मुख होड्या उलटण्याच्या घटनांमुळे कुप्रसिद्ध आहे. तेथे गाळ आणि लाटा यांचा प्रश्न मोठा आहे. परंतु अशा जागी इंजिनाने साथ सोडली, तर सावरण्यास फारसा वेळ मिळत नाही. दुसरा धोका इंजिनाचाच आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या अंतर्भागाला वंगण मिळते ते इंधनात मिसळलेल्या ऑइलमधून. म्हणजे इंधन कमी पोहोचले की वंगणही कमी पोहोचते. अर्धवट उपाशी इंजिन पूर्ण वेगाने रेटत नेल्यास पिस्टन तापून जाम होतो आणि किरकोळ नळीचा दोष मोठ्या दुरुस्तीत बदलतो.

तपासणी टाकीकडून कार्ब्युरेटरकडे करावी, उलट नव्हे. त्याआधी एक खात्री आवश्यक आहे : दोष इंधनाचाच आहे काय? इंजिन थांबताच प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर इंधन पोहोचत नाही. तो ओला असेल, तर इंधन येत आहे. मग ठिणगी तपासावी किंवा इंधन जास्त येत आहे काय ते पाहावे.

टाकी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या नळीवरील रबरी फुगा हे मच्छिमाराच्या हाताशी असलेले सर्वांत स्वस्त तपासणी-यंत्र होय. फुग्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने असावा आणि दाबताना बाण वरच्या बाजूस ठेवावा. काही वेळा दाबल्यावर फुगा कडक झाला पाहिजे. तो कडक होतच नसेल, तर त्यातील झडपा निकामी झाल्या आहेत, कोठून तरी हवा शिरत आहे किंवा कार्ब्युरेटरमधून इंधन ओसंडत आहे. चालू इंजिनात फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूस आहे : हवेचा स्क्रू, टाकीतील शोषनळीची जाळी किंवा तिच्यापुढील नळी. याउलट फुगा कडकच राहतो आणि इंजिन मरते, तर अडथळा फुग्याच्या पुढे शोधावा.

आणखी एक चाचणी समुद्रातच करता येते. ताकद घटू लागताच सोबत्याने फुगा सतत दाबत राहावे. इंजिन लगेच सावरले, तर हाताने पंपाचे काम केले असा अर्थ होतो. अशा वेळी इंजिनावरील इंधनपंपाचा पडदा तपासावा. हा पडदा क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर हलतो. तो ताठर झाला किंवा त्याला सुईएवढे छिद्र पडले तरी पूर्ण वेगाला लागणारे इंधन मिळत नाही. मात्र पंप उघडण्यापूर्वी शेजारच्या होडीची, त्याच प्रकारच्या जोडणीची टाकी आणि नळी लावून पाहावी. दोष नाहीसा झाला, तर इंजिनाला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

नळीबाबत एक गोष्ट सहज फसवते. पंप जेथून इंधन ओढतो त्या भागात गळती असेल, तर इंधन बाहेर ठिबकत नाही. हवा आत शिरते. त्यामुळे बाहेरून कोरडी व स्वच्छ दिसणारी नळीही दोषी असू शकते. जोडणीतील झिजलेली ओ-रिंग आणि सैल क्लिप ही त्याची नेहमीची ठिकाणे. जुन्या नळीचा आतील थर सुटून ओढीसरशी मिटतो, तेही बाहेरून दिसत नाही.

इंधनातील पाणी हा किनाऱ्यावरील कायमचा शत्रू. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून इंधन पारदर्शक बाटलीत घ्यावे व काही मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसतो. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असल्याने ही तपासणी अधिक महत्त्वाची झाली आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, शोषनळी मात्र तळातून ओढते. इथेनॉलला न टिकणारे जुने रबरही अशा इंधनात फुगते वा ठिसूळ होते. नवी नळी घेताना ती इथेनॉलला टिकणारी आहे काय, हे विचारून घ्यावे.

येथपर्यंत सर्व ठीक असेल तरच कार्ब्युरेटरकडे वळावे. वेगात नीट चालणारे इंजिन मंद गतीवर बंद पडत असेल, तर मंद गतीचा जेट तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. चोक ओढलेला असतानाच चालत असेल, तर मिश्रणात इंधन कमी पडत आहे. वाटीतून इंधन ओसंडत असेल, तर फ्लोट किंवा त्याची सुईझडप पाहावी. बहुधा झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा एखादा कण अडकलेला असतो. जेट काढून कार्ब्युरेटर-क्लीनरने धुवावेत आणि हवेच्या दाबाने फुंकावेत. तार घालू नये. जेटचे छिद्र मोजून केलेले असते. ते किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते आणि पुढे कितीही स्क्रू फिरवले तरी जुळत नाही. ही सर्व कामे मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि विडी-काडी दूर ठेवूनच करावीत. चाचणीसाठी इंजिन किनाऱ्यावर सुरू करावयाचे झाल्यास त्याचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात असावा. अन्यथा थंड पाण्याच्या पंपाचे रबरी पाते काही क्षणांत खराब होते.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची एक वेगळी अडचण आहे. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतली जातात. किनाऱ्याला लागण्याआधी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर आणण्याचे राहून गेले, तर वाटीत रॉकेल उरते. दुसऱ्या पहाटे थंड इंजिन दोरी ओढून ओढूनही पेटत नाही आणि बिघाड नसताना मिस्त्रीला बोलावले जाते. अशा वेळी वाटी रिकामी करून, फुग्याने ताजे पेट्रोल भरून पाहावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या मासेमारी बंदीच्या काळात अनेक इंजिने उभी राहतात. वाटीत राहिलेले इंधन उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि तोच बारीक छिद्रे बुजवतो. म्हणून इंजिन ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्यावर चालवून घ्यावे आणि नंतर वाटीचा खालचा स्क्रू सोडून ती रिकामी करावी. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवण्याची पद्धतही रूढ आहे. पण दोन-स्ट्रोक इंजिनात शेवटच्या क्षणी वंगण घटत असल्याने स्क्रूचा मार्ग अधिक सुरक्षित. टाकीतील उरलेले मिश्रण पुढील हंगामासाठी राखून ठेवू नये.