वर्गात क्षयरुग्ण, मुलीची चाचणी करावी का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. बाकावरच्या मैत्रिणीला फुफ्फुसाचा क्षय निघाला. हिला खोकला-ताप काहीच नाही. तरी तपासावं का? – एक पालक, केडगाव

उत्तर : हो, जरूर. जंतू शरीरात सुप्त राहू शकतात. तेव्हा त्रास होत नाही, संसर्गही पसरत नाही. अशांपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांना पुढे आजार होतो. सरसकट सगळ्या शाळेची चाचणी मला पटत नाही. निकटच्या मुलांची मात्र टाळू नये. पुण्याच्या सीरमची ‘साय-टीबी’ चाचणी हातावर टोचतात, 48 ते 72 तासांनी फुगवटा मोजतात. 5 मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. लहानपणच्या बीसीजीने ती फसत नाही. पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे काढून आधी सक्रिय क्षय नाही ना, ते बघतात. मगच प्रतिबंधक गोळ्या. सरकारी दवाखान्यात विचारा. आणि त्या मैत्रिणीशी बोलणं तोडू देऊ नका.