फॉर्म कायद्याच्या पाठीमागेच असतो गं

अगं, बाबांच्या माघारी काय काय करायचं याची तू पाठवलेली यादी वाचली. बँक, फ्लॅट, गावची जमीन आणि शेवटी तीन प्रश्नचिन्हं टाकून 'वारस दाखला'. घाबरलीयस, साहजिकच आहे. पण अशा दिवसांतही जिनं एवढी नेटकी यादी केली, ती पुढचंही निभावेल. मला काळजी नाही.

आधी एक ऐक. गूगलवर 'लीगल हेअर सर्टिफिकेट फॉर्म' टाकून जो पहिला वर येईल तो छापून घेऊ नकोस. तो दुसऱ्याच राज्याचा निघण्याची दाट शक्यता. तमिळनाडूत असा दाखला तहसीलदार देतात. आपल्याकडे महाराष्ट्रात वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयाकडून मिळतं, तेही 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली. हो, पेशवाई बुडाल्याला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हाचा कायदा! बँकेतल्या ठेवी आणि शेअर्ससाठी असतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 372 खालचं. लोक दोघांनाही सरसकट 'वारस दाखला' म्हणतात आणि मग चुकीचा अर्ज घेऊन फिरतात. म्हणून समोरचा कागद मागतो तेव्हा लाजू नकोस, सरळ विचार, "कोणत्या कायद्याखालचा हवाय?"

आणि खरं सांगू का, तुला कोर्टाची पायरी कदाचित चढावीच लागणार नाही. खात्यावर आईचं नॉमिनी म्हणून नाव असेल आणि घरात वाद नसेल, तर बँकेनं असलं प्रमाणपत्र मागायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये अशा दाव्यांसाठी सगळ्या बँकांना एकसारखे नमुने ठरवून दिलेत, तेच माग. फ्लॅटचा अर्ज सोसायटीच्या उपविधींच्या मागे, परिशिष्टांत असतो. उपविधींचं ते पुस्तक सेक्रेटरीच्या कपाटात धूळ खात पडलेलं असतं, काढायला लाव. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी सरकारच्या 'ई-हक्क' संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करता येतो. फक्त वारसा लागल्याचं कळवायला तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणून यादीत जमीन वर घे. आणि बघ, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे आईच्या हाती आले तरी वारसांचे हक्क तसेच राहतात, हे भावाशी आत्ताच मोकळेपणानं बोलून घे.

आता, कायदा आणि त्यातले नमुने स्वतः पाहायचे असतील तर लायब्ररी गाठ. जिल्हा न्यायालयातलं वकील संघाचं ग्रंथालय वकिलांसाठी असतं, पण लॉ कॉलेजच्या ग्रंथपालांना अर्ज दिलास तर तिथेच बसून वाचायची परवानगी मिळू शकते. ग्रंथपाल बाईंशी गोड बोल. 'मला वारसाचं काहीतरी हवंय' असं म्हणू नकोस, कायद्याचं नाव आणि साल सांग. मग त्या नेमकं पुस्तक काढून देतील. कायदा हातात आला की शेवटाकडून उघडायचा. मी कादंबऱ्याही तशाच वाचते म्हणून घरात टोमणे खाते, पण ही खोड इथे कामी येते बघ! नमुने बहुधा मागे, अनुसूचीत नाहीतर परिशिष्टात असतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 घे: परिशिष्ट 'अ'मध्ये दाव्यांचे नमुनेच नमुने दिलेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2006 च्या नियमांत अर्जाचा नमुना आहे. माहिती अधिकाराचा आपल्या राज्याचा अर्ज म्हणजे जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की झालं. कोर्टात जायचंच ठरलं तर मोघांचं प्लीडिंग्जवरचं जाडजूड पुस्तक माग, त्यात तयार मसुदे आहेत. फक्त आवृत्तीचं साल पाहा. फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून बदललेत, त्याआधीच्या पुस्तकात जुनीच कलमं सापडतील.

घरबसल्या शोधायचं तर 'इंडिया कोड'वर कायदे फुकट वाचता येतात. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचे नमुने आहेत. आणि मराठीतून कायदा वाचताना डोकं गरगरलं, की भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडायचा.

स्टँपपेपरचीही धास्ती नको. न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेरचा टायपिस्ट पाचशेचा पेपर पुढे सरकवेल, तेव्हा "कशासाठी?" एवढंच विचार.

भरलेला अर्ज कुणीतरी जाणत्यानं पाहावा असं वाटलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन कर. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे तो, उपकार नाहीत.

आणि हो, मृत्यू दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आत्ताच काढून ठेव. मूळ प्रत कुणाच्याही टेबलावर सोडून यायची नाही. "राहू द्या ताई, उद्या देतो" म्हणाले, तरी नाही.